बिनी, पिछाडी आणि ताम्हिणी

मोटारगाडी ही एकट्याने, फार तर शेजारी बसलेल्या अर्धांगीच्या देखरेखीखाली हाकण्याची वस्तू आहे, अशी माझी पूर्वापार समजूत असल्यामुळे, एकाच बनावटीच्या १२ गाड्यांच्या मालकांनी ऐन पावसाळ्यात रविवारी भल्या पहाटे चांदणी चौकात जमावे, परस्परांच्या टायरांची तोंडभरून स्तुती करावी आणि मग ताम्हिणी घाटाने श्रीवर्धनकडे सामुदायिक प्रस्थान ठेवावे, या नव्या व्रताचे माहात्म्य ध्यानी येण्यास मला थोडा अवधी लागला.

प्रस्थानापूर्वी ‘ब्रीफिंग’ नावाची एक सभा भरते. तीत आमचे नायक, जे स्वतः बिनीची गाडी हाकतात, काही कलमे वाचून दाखवतात. आणि ती कलमे इतकी निर्दोष असतात की एखाद्या तहनाम्याला शोभावीत. आपसात ओव्हरटेक करू नये. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर राखावे. फाटा लागला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबावे. आणि जो सर्वांत नवखा असेल त्याने थेट बिनीच्या पाठोपाठ राहावे, म्हणजे साऱ्या काफिल्याचा वेग त्याच्या ऐपतीने ठरेल. इथवर सर्वांच्या माना भक्तिभावाने डोलतात. परंतु “मग नवखे कोण?” असा सवाल नायकांनी केला, की ज्यांनी पन्नाशी उलटल्यावर स्टिअरिंगला प्रथम हात लावला ते आमचे दंतवैद्य मित्र मेघमंडलाच्या निरीक्षणात गढून जातात. पिछाडी सांभाळण्याच्या कामीही तीच अवस्था. तिथे खरे तर सर्वांत मुरलेला गडी हवा, कारण पंक्चर, ओकारी आणि चुकलेला रस्ता ही सगळी बालंटे अखेर त्याच्याच पदरात पडतात. पण मुरलेल्या गड्याला मागे राहणे म्हणजे मानखंडना वाटते. सुदैवाने, एसटीतून निवृत्त झालेले एक काका मुलाची गाडी घेऊन, मुलाला शेजारी बसवून येतात, आणि हयात घाटात गेल्यामुळे मानापमानाचे हे प्रकरण त्यांच्या दप्तरी दाखल नसते. ते काही न बोलता शेवटी जाऊन उभे राहतात.

पौड मागे पडले की वॉकीटॉकीचे राज्य सुरू होते. पुढचा पुकारतो, “राइट क्लिअर!” आणि त्या शब्दाच्या भरवशावर मागचे एकामागून एक उजवीकडे गाडी काढतात. या ठिकाणी मला थोडे गणित मांडू द्यावे. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर रस्ता तोडते. तीन सेकंदांचे अंतर इमानाने पाळले तर दोन गाड्यांत ५० मीटर राहतात, आणि १२ गाड्यांची रांग अर्ध्या किलोमीटरहून लांब होते. म्हणजे पहिल्याने मोकळा पाहिलेला रस्ता शेवटच्याच्या वाट्याला येईतो अर्धे मिनिट उलटलेले असते, आणि तेवढ्यात समोरून येणारी माणगाव-पुणे एसटी त्याच मोकळ्या जागी आपला हक्क बजावण्यास हजर होते. आमच्यातील वकीलसाहेब, ज्यांनी ऐकीव पुराव्यावर हरकत घेण्यात कोर्टात हयात घालवली, ते स्वतः मात्र त्याच ऐकीव पुराव्यावर वळणाच्या तोंडाशी निःशंकपणे गाडी बाहेर काढतात. शर्यत हा शब्द मात्र कोणी उच्चारीत नाही, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास मनाई करते आणि ते त्यांना मुखोद्गत आहे. ते जे करतात त्याला ते ‘गाडी जरा मोकळी करणे’ म्हणतात.

वास्तविक या मंडळींपैकी एकही जण एकटा असताना बेफाम नव्हे. वकीलसाहेब सहकुटुंब निघाले की त्यांना रिक्षासुद्धा मागे टाकतात. परंतु काफिल्यात शिरताच माणसाला दरीचे भय उरत नाही. भय उरते ते मागे पडल्याचे. मग दोन गाड्यांच्या मध्ये दुधाचा टेम्पो शिरला, तरी शत्रूने तटाला खिंडार पाडल्यासारखा क्षोभ होतो, आणि ते तीन सेकंदांचे अंतर अशा टेम्पोसाठीही राखलेले असते याचे स्मरण कोणाला राहत नाही. बिनीवाला ताशी ५० च्या गतीने संथपणे चाललेला असावा, आणि त्याने वळणावर किंचित ब्रेक लावला म्हणून दुसऱ्याने थोडा अधिक, तिसऱ्याने आणखी अधिक दाबीत जावे, म्हणजे शेपटाकडच्याला कधी २० वर रांगावे लागते, तर कधी ते तुटलेले अंतर भरून काढण्यासाठी ८० वर उधळावे लागते. त्यात पाऊस कोसळू लागला की चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवण्याची चाल आहे. तिने गाडी शोभिवंत दिसते खरी, पण ती कोणीकडे वळणार हे चालकाच्या अंतर्यामीचे गुपित होऊन बसते.

घाट उतरताना दंतवैद्यांच्या चाकांतून करपट वास येऊ लागला. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा काकांचा शिरस्ता. दंतवैद्य मात्र वरचा गिअर टाकून सारा भार ब्रेकवर ठेवीत होते. काकांनी त्यांना कडेला घेतले, चाके निवेपर्यंत सक्तीने भजी खायला घातली, आणि पुढे दुसऱ्या गिअरमध्ये घाटाखाली आणले. या अवधीत वकीलसाहेब चार ट्रक, दोन एसट्या आणि एक वऱ्हाडाची बस ओलांडून अंतर्धान पावले होते.

ते सापडले माणगावात. ज्यांनी मुंबई-गोवा महामार्गावरील रविवारचे माणगाव पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. तिथे बिनी, मधली फळी आणि ते चारही ट्रक एकाच रांगेत तिष्ठत होते, आणि सर्वांत शेवटी दंतवैद्यांना घेऊन काकाही येऊन मिळाले. गाडी मुलाच्या हवाली करून ते खाली उतरले, रांगेच्या कडेने चालत, ओळखीच्या टपरीवर चहा सांगून, पायीच बिनीच्या गाडीशी पोहोचले, आणि नायकांच्या काचेवर टिचकी मारून म्हणाले, “पुढच्या खेपेस डॉक्टरांना तुमच्या मागे घ्या. ते आपण होऊन सांगायचे नाहीत.”

नायकांनी लगेच वॉकीटॉकीवर तसा हुकूम सोडला. क्षणभर खरखर झाली आणि दंतवैद्यांचा आवाज आला, “पण मग नवख्यांनी कुठं राहायचं?”