आज क्लास नाही!

हाँगकाँगमधले विंग चुन या कुंग फू शैलीचे शिक्षक वाँग शून-लेउंग एक किस्सा रंगवून सांगायचे. 1950 च्या दशकात त्यांच्याकडे येणारा एक पोरगा सगळ्यांच्या आधी पोहोचायचा आणि जिन्यात थांबून मागून येणाऱ्यांना पडेल चेहऱ्याने सांगायचा, ‘आज क्लास नाही.’ मंडळी हळहळत माघारी वळली की हा टुणकन वर! वर सर वाट बघत बसलेलेच असत. अशा रीतीने बॅचच्या फीमध्ये खासगी शिकवणी मिळवणाऱ्या त्या चलाख मुलाचं नाव ब्रूस ली. कुंग फूमध्ये पहिला धडा चपळाईचा असतो म्हणतात, तो त्याने जिन्यातच गिरवला होता.

तेव्हा एकट्याने शिकावं की चारचौघांत, हा घोळ आजचा नाही. चिनी युद्धकलांच्या दंतकथांमध्ये तर तिसराही मार्ग आहे, तो म्हणजे फटीतून बघण्याचा. फोशानमध्ये लेउंग जान नावाचे वैद्य आपल्या दवाखान्यात मोजक्या लोकांना विंग चुन शिकवत. नाणी मोडून देण्याचा धंदा करणारा चान वा-शून दाराच्या फटीला डोळा लावून ते बघायचा आणि शेवटी शिष्य झाला. तिकडे हेनानमधल्या चेनजियागोउ गावात यांग लुचान यानेही असंच चोरून बघत चेन घराण्याची ताई ची उचलली आणि पुढे बीजिंगमध्ये ‘अजिंक्य’ म्हणून नाव काढलं. यात इतिहास किती आणि तिखटमीठ किती हे सोडून देऊ. गुरू हातचं राखून शिकवतो आणि खरी विद्या बंद दाराआड असते, ही शिष्यांची शंका मात्र त्यातून चांगलीच डोकावते.

चान वा-शून स्वतः गुरू झाला तेव्हा त्याने फटी बुजवल्या असाव्यात, कारण परंपरा त्याचे जेमतेम 16 शिष्य मोजते. त्यातला शेवटचा म्हणजे इप मान, खात्यापित्या घरचा मुलगा. इतकी निवडक शिकवणी लाभूनही त्याचं पुढचं शिक्षण झालं ते थोरला गुरुबंधू न्ग चुंग-सोक याच्या हाताखाली, कारण गुरू वारले. हाच इप मान चीनमधल्या 1949 च्या उलथापालथीनंतर रिकाम्या खिशाने हाँगकाँगला आला आणि 1950 मध्ये उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत शिकवू लागला. दिवसभर बशा उचलून आलेली माणसं संध्याकाळी एकमेकांचे हात अडवत होती. ब्रूस लीही त्याच्याच वर्गात आला आणि बरंचसं शिकला ते वाँग या थोरल्या गुरुबंधूकडून. बॅचमध्ये फी सिफूंच्या, म्हणजे गुरूंच्या, नावाने भरायची आणि मार थोरल्या भावांकडून खायचा, ही पद्धत अशी जुनी आहे.

सामूहिक वर्गाला खरी प्रतिष्ठा दिली ती शांघायमध्ये 1910 मध्ये सुरू झालेल्या जिंगवू संस्थेने. हुओ युआनजिया यांच्या नावाशी जोडलेल्या या संस्थेने घराण्यांची गुपितं वेळापत्रकात बसवली आणि स्त्रियांनाही प्रवेश दिला. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून 24 हालचालींचा सुटसुटीत ताई ची क्रम बांधला. पाच-सहा मिनिटांत आटोपणारा हा क्रम बागेत एकाच वेळी शेकडो लोकांना करता येतो.

आणि बागेतच बॅचचं मर्म कळतं. नवशिका हमखास शेवटच्या रांगेत उभा राहतो, पुढच्याच्या पाठीवर नजर रोवून. पुढचा हात उचलेल तसा हात, पाय टाकेल तसा पाय. दोन्ही मुठींनी कानशिलं शेकण्याची हालचाल होईपर्यंत सगळं सुरळीत. मग येते ती वळून डाव्या टाचेने लाथ मारायची हालचाल. सगळा वर्ग गर्रकन वळतो आणि शेवटची रांग पहिली होते. आता पुढे पाठ नाही, फक्त झाडं. वर उचललेला एक पाय कुठे टेकवायचा, हे झाड सांगत नाही. म्हणून तर जाणते शिक्षक चारी कोपऱ्यांत मुरलेले विद्यार्थी पेरतात.

खासगी तासाला लपायला रांगच नसते. विंग चुनच्या पहिल्या क्रमात, सिउ निम ताओमध्ये, पाय जागचे हलतच नाहीत. गुडघे किंचित आत, कोपर मध्यरेषेकडे, तेही गोगलगायीच्या चालीने. कोपर बोटभर बाहेर गेलं की सिफू ते आत ढकलतात. पुन्हा गेलं, पुन्हा ढकलतात. तास संपतो. एका जागी उभं राहण्यासाठी तासावर पैसे मोजले, हा विचार जिना उतरताना येतोच. पण बॅचमध्ये तेच कोपर वर्षभर बाहेर भटकत राहिलं असतं आणि कुणी हटकलंही नसतं.

खासगी तासाचा भाव पुढे ब्रूस लीनेच आकाशाला भिडवला. 1967 मध्ये लॉस एंजेलिसच्या चायनाटाऊनमध्ये त्याने वर्ग काढला, खिडक्या झाकून घेतल्या (फटींचा इतिहास ठाऊक असणार) आणि रोजचा वर्ग बराचसा डॅन इनोसांटो या सहाय्यकावर सोपवला. खासगी शिकवणीचा दर त्याने कार्डावर छापला होता : तासाला 275 डॉलर. अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न ही त्याच्या शिष्यांची यादी. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीला शिकवायला तर तो 1970 मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन आला. एकेकाळी जिन्यात बॅचच्या फीमध्ये मिळवलेल्या गोष्टीची ही किंमत!

तरी प्रस्तुत लेखकाचा कौल आधी बॅचलाच आहे. चि साओ, म्हणजे मनगटाला मनगट चिकटवून करायचा सराव, ही परक्या हातांची परीक्षा असते. सिफूंचे हात समजूतदार असतात, चूक झाली की थांबतात. बॅचमधला आडदांड गडी थांबत नाही. घामेजलेले, आखूड, लांब, घाबरट, चिडके असे दहा तऱ्हेचे हात तिथे एकाच फीमध्ये मिळतात. खासगी तास महिन्या-दोन महिन्यांनी घ्यावा, भटकलेलं कोपर घरी आणण्यापुरता.

आणि खिसा कुरकुरत असेल, तर दोघांनी मिळून एक तास घ्यावा. फी निम्मी होते आणि सरावाला एक ताजा बळीही मिळतो. मात्र घड्याळ भिंतीवर दोघांना दिसेल असं हवं. कारण सिफू कुणाच्या कोपरावर किती मिनिटं खर्चतात, यावरून पहिली खरी मारामारी तिथेच जुंपते.