पोरीला पाहुणचार करू नका

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,

रोज व्हिडिओ कॉल होत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. कॉलवर इकडे रेणुका मला चिकटून बसलेली असते आणि तिकडे आईच्या खांद्यावरून काकू डोकावत असतात. दोघींसमोर काही बोलायची सोय नाही. तेव्हा शाळेच्या सुट्टीत आम्ही खामगावला पोचण्याआधी हे पत्र घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. काकूंना पुढे बसवा.

आधी काकांची शंका. "दत्तक आणायचंच होतं तर तान्हं आणायचं, नऊ वर्षांच्या पोरीला आता काय लळा लागणार?" काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर. बडोद्याचे सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. शाहू महाराज १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले तेव्हा त्यांना दहावं लागलेलं होतं. दोघांचं पुढे काय झालं ते तुम्हीच आम्हाला फळ्यावर शिकवलंत. त्यांना गादी मिळाली. रेणुकालाही आम्ही गादी दिली आहे, चांगली सहा इंच जाडीची. पण ती पहिले बरेच दिवस खाली चटईवरच झोपली. गादीवर पडलं की बुडाल्यासारखं होतं म्हणे.

कागदांचं पुराण सगळं सांगत नाही, नाहीतर पत्राची पोथी होईल. एवढंच सांगतो की दत्तक देण्याचं काम बघणाऱ्या सरकारी 'कारा'च्या नियमात नवरा-बायकोच्या वयांची बेरीज करतात. आठ वर्षांवरच्या मुलासाठी ती ११० च्या आत लागते. आम्ही आरामात बसलो, तरी आपली वयं अशी जोडून मांडलेली पाहिली की कंबर दुखायला लागते. दुसरं म्हणजे, पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. म्हणजे आई, बघण्याचा कार्यक्रमच, फक्त बघणारी ती आणि बघून घेणारे आम्ही. अनघाला बघायला पुण्याला गेलो होतो तेव्हा मला इतका घाम फुटला नव्हता. रेणुकानं आधी विचारलं, घरी कुत्रं आहे का. नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग विचारलं, भाकर कोण करतं. मी म्हटलं, मी. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि संस्थेच्या ताईंना म्हणाली, "चालते."

सगळ्यात जिवाला लागलेली गोष्ट निराळीच. मी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहून टक्कल पाडून घेतलं, मग कुठे नागरिक झालो. बाईसाहेब मात्र विमानतळावर शिक्का बसला त्या क्षणी अमेरिकन! असा कायदाच आहे इथला, २००० सालचा. तेव्हा तिच्या हातात अर्धं पारले-जीचं पाकीट होतं आणि ती विचारत होती, खामगाव इथून किती लांब.

आता मुद्द्याचं. ती आल्यावर सुरुवातीला तुम्ही कॉलवर म्हणायचात, "किती शहाणी पोर आहे!" आम्हाला त्याच शहाणपणाची भीती वाटत होती. पाणी प्यायला परवानगी मागायची. सगळ्यांच्या चपला ओळीत लावायची. दादाचं, म्हणजे चिन्मयचं, ताटही घासून ठेवायची. (चिन्मयला यात काहीच वावगं दिसलं नाही.) आठ वाजले की कुणी न सांगता दिवा बंद. संस्थेत घंटेवर दिवस चालतो, आमच्या घरात घंटा नाही, म्हणून मायक्रोवेव्ह वाजला की ही हात धुऊन हजर. मागणं नाही, रुसणं नाही. परीक्षेला बसल्यासारखं सगळं.

आणि पोळ्या गायब व्हायच्या. उशीखाली दोन, दप्तरात एक, हिवाळी बुटात गुळाचा खडा. मुंग्यांना आमच्याआधी कळलं. अनघा रडायला लागली, मला मात्र बाबांची आठवण आली. दुष्काळ पाहिलेला माणूस घरात वर्षाचे गहू असताना पलंगाखाली ज्वारीचं पोतं ठेवतो, ते का, हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. आम्ही तिला झाकणाचा डबा दिला. त्यावर तिचं नाव, आत शेंगदाण्याचे लाडू, तो कायम भरलेला ठेवायचा आणि त्यातलं मोजायचं नाही. अजून डबा तिच्या उशाशीच आहे. हल्ली त्यात निम्मे लाडू चिन्मय संपवतो आणि त्यावरून मारामाऱ्या होतात.

मारामाऱ्यांची सुरुवात फेब्रुवारीत झाली. चिन्मयनं तिची जांभळी टोपी घालून बर्फात लोळण घेतली. तिनं त्याच्या पाठीत बर्फाचा गोळा घातला, मी ओरडलो तर कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "तू मले काहून बोलून राहिला? आधी त्याले बोल!" जेवणार नाही, दार आपटलं, अनघाला "तू माझी खरी आई नाहीस" हेही ऐकवून झालं. अनघानं गॅरेजमध्ये जाऊन डोळे पुसले. पण त्याच आठवड्यात पोटच्या चिन्मयनं व्हिडिओ गेमवरून तिला जगातली सगळ्यात वाईट आई ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही मुलांचं एकमत आहे एवढं समाधान. रात्री रेणुका खाली आली, परवानगी न मागता फ्रिज उघडला आणि उभ्यानंच दहीभात खाल्ला. चपला दारात उलट्यापालट्या पडल्या होत्या. मी त्यांचा फोटो काढून ठेवला आहे.

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष सहा महिन्यांनी मूल कसं आहे याचा अहवाल फोटोंसकट दिल्लीला 'कारा'कडे जातो. त्यासाठी इथली समाजसेविका घरी येते. आम्ही आधी घर आवरतो, तर ही तिला पसाऱ्याचं कपाटच उघडून दाखवते. घरच्यांनी मध्ये बोलायचं नसतं म्हणून फोनवर दुभाषीबाई होत्या, त्या पुण्याच्या. रेणुकाचं अर्धं बोलणं त्यांनी शेवटी मलाच विचारलं. तक्रारी अशा: दादा खिडकी देत नाही, आई भाजीत साखर घालते, बाबांची भाकर जाड असते. समाजसेविका खूश झाली. तक्रार करते म्हणजे राहायचं ठरवलंय, म्हणाली. अनघा मात्र साखरेच्या नोंदीवरून अजून गप्प आहे. आधीच घरात वऱ्हाडी बोलणारा मी एकटा होतो, आता चिन्मयही "काहून बे" म्हणतो. बहुमत गेलं तिचं.

परवा वर्गात कुणीतरी ॲरिझोनाच्या उल्केच्या खड्ड्याची बढाई मारली. रेणुका उठून म्हणाली, आमचा लोणारचा मोठा आहे. बाईंनी शोधून पाहिलं तर खरंच, त्यांचा जेमतेम १.२ किलोमीटर, आपला १.८, आणि तोही काळ्या बसाल्टमध्ये. २०२० साली पाणी गुलाबी झालं होतं तेही सांगून आली. लोणार तिनं फक्त आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलंय, तेही फोनवरून.

तर काकू, आता तुमच्यासाठी. "खरे आईबाप कोण?" विचारायचं नाही. तिच्या आयुष्यातली ती गोष्ट तिची आहे, सांगायची तेव्हा ती सांगेल. जात विचारायची नाही. खर्च किती आला, हे मलाही विचारायचं नाही. "नशीब काढलंस गं पोरी" हे तर मुळीच नको. चिन्मयला कधी म्हणालात का, नशीब काढलंस म्हणून? नाव बदलायच्या याद्या पाठवणं थांबवा. रेणुका हे नाव ती सोबत घेऊन आली आहे, आणि चिखलीची देवी आपल्या घरात नवी नाही. आल्याआल्या सत्यनारायण आणि दोनशे माणसं नकोत. शेगावला दर्शनाला आपण घरचेच जाऊ, कचोरी तिला दोन द्या, मला तीन.

आणि आई, तिला पाटावर बसवून कौतुकं करत बसू नकोस. चिन्मयला ओरडतेस तशी ओरड. अंथरुणं काढायला लाव, लसूण सोलायला बसव. पैंजणांचं चांदीचं माप सोबत पाठवतोय, पण दोघांनाही काहीतरी घे, नाहीतर विमानात मला बसायला जागा उरणार नाही.

तुमचा,
संजू

ता. क. रेणुकानं मागं उभं राहून शेवटचं पान वाचलं. तिचं म्हणणं, लसूण ती सोलणार नाही, लसूण दादानं सोलायचा. आणि खिडकीपाशी पलंग तिला पाहिजे. आजीनं आत्ताच तसं कबूल करावं, म्हणजे नंतर भांडण नको.