पिच्चर कसा हाय? : चित्रपटाविषयी मत देण्याची सात रस्ता पद्धत

चित्रपट पाहून आल्यावर, कोणी विचारले असो वा नसो, उभ्याउभ्या दिलेल्या निकालास चित्रपटमत म्हणतात. समीक्षण वेगळे आणि मत वेगळे. समीक्षणाला शब्दमर्यादा आणि संपादक असतो. मताला फक्त आवाज लागतो. समीक्षकाने चित्रपट पूर्ण पाहिलेला असावा अशी अपेक्षा असते. मत देणाऱ्यावर ती सक्ती नाही. सोलापुरातील सात रस्ता या चौकात ही कला दीर्घ सरावाने पुष्कळच प्रगत झाली आहे. तिचे नियम नवशिक्यांच्या सोयीसाठी पुढे क्रमाने दिले आहेत.

१. स्थळ आणि वेळ

या चौकात सात रस्ते मिळतात. मत देणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेचा मोठा फायदा असा, की वाद अंगाशी आल्यास निघून जायला सात दिशा मोकळ्या असतात. साध्या चौकात ही सोय जवळपास निम्म्याने कमी होते. शिवाय ट्रॅव्हल्सची वाट पाहणारे प्रवासी हा येथील आयता श्रोतृवर्ग होय. त्यांना गाडी येईपर्यंत हलता येत नाही आणि ते उलट बोलत नाहीत.

मत देण्याची योग्य वेळ संध्याकाळी दिवे लागल्यापासून शेवटचा खेळ सुटून अर्धा तास होईपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे दुपारची मते उघड्यावर टिकत नाहीत. उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला पाहिलेला कोणताही चित्रपट बरा वाटतो, हेही ध्यानात घ्यावे. अशा मताचे श्रेय बहुधा थिएटरच्या एसीला जाते. म्हणून मत ऐकताना चित्रपट कोणत्या महिन्यात पाहिला, हे आधी विचारून घ्यावे.

२. साहित्य

एक दुचाकी, मधल्या स्टँडवर लावलेली. एक अर्धा चहा. किमान दोन श्रोते, त्यांपैकी एकाने चित्रपट पाहिलेला नसावा. दोघांनीही पाहिला असेल, तर मत देणाऱ्याला तपशील जपून वापरावे लागतात.

दुचाकीवर बसलेल्या माणसाचे मत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मतापेक्षा जड मानले जाते. मत चहाच्या मापाचे असावे. चहा आधी संपला तर मत लांबले असे समजावे. मत आधी संपले तर दुसऱ्याला बोलू द्यावे. किल्ली फिरवून गाडी सुरू करणे म्हणजे निष्कर्ष. त्यानंतर आलेले आक्षेप विचारात घेतले जात नाहीत.

३. मोजपट्टी

वृत्तपत्रे तारे देतात. सात रस्त्यावर तारे चालत नाहीत. येथे मोजमापाचे मूळ एकक ‘पैसे वसूल’ हे असून त्यावरून सात पायऱ्या ठरल्या आहेत. त्या वरून खाली अशा : लई भारी, भारी, बराय, एकदा बघाय हरकत नाय, टाइमपास, डोकं उठलं, पैसे गेले.

नवशिक्याने चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी. ‘एकदा बघाय हरकत नाय’ या मताने आजवर कोणाचेही नुकसान झालेले नाही. चित्रपट पुढे गाजला तर मत देणाऱ्याने शिफारस केलेली असते. आपटला तर त्याने ‘एकदाच’ म्हटलेले असते. सातवी पायरी मात्र ज्याने स्वतःच्या खिशातून तिकीट काढले त्यालाच वापरता येते. दुसऱ्याच्या पैशाने पाहून ‘पैसे गेले’ म्हणणाऱ्यास पुढच्या वेळी कोणी नेत नाही.

नमुन्यादाखल एक प्रमाण संवाद :

“कसा हाय बे पिच्चर?”
“बराय की.”
“बराय म्हंजे?”
“एकदा बघाय हरकत नाय.”
“मग जाऊ का?”
“इंटरवलपर्यंत भारी हाय. नंतर जरा ताणलाय.”
“म्हंजे नको जाऊ?”
“जा की. मला काय विचारतोस बे?”

या संवादात मत देणाऱ्याने चारदा तोंड उघडूनही चित्रपटाविषयी एकच विधान केले आहे, आणि तेही कोणत्याही चित्रपटाला लागू पडते. ‘नंतर ताणलाय’ हे न पाहताही म्हणता येते. क्वचित ते खरेही निघते. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘सैराट’ सुमारे तीन तासांचा आहे. गावातले प्रेमप्रकरण मागे टाकून कथा हैदराबादला जाते आणि चित्रपटाची चालच बदलते. ‘मध्यंतरानंतर पिच्चर बदलला’ असे म्हणणाऱ्यांचे तेव्हा बरोबर होते. मात्र दिग्दर्शकाला नेमके तेच करायचे होते, हे अनेकांच्या लक्षात दुसऱ्यांदा पाहताना आले.

वडीलधाऱ्यांना मत विचारताना ‘बे’ गाळून ‘मालक’ घालावे. उत्तर बहुधा तेच मिळते, फक्त जुन्या चित्रपटांशी तुलना करून मिळते.

४. मत देणाऱ्यांचे प्रकार

चौकाला जितके रस्ते, तितके हे प्रकार आहेत.

पहिला, पहिल्या दिवसाचा पहिला खेळ पाहणारा. त्याचे मत सर्वांत ताजे आणि सर्वांत कमी विश्वासार्ह असते. पडद्यावर नायक आला तेव्हा शिट्ट्यांत बुडालेले संवाद त्याला ऐकूच आलेले नसतात.

दुसरा, ट्रेलर पाहणारा. त्याला कमी लेखू नये. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’च्या ट्रेलरमधील लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकण्याचे जाहीर केले. चित्रपट त्यानंतर १४ फेब्रुवारीला आला. पूर्ण चित्रपट पाहून दिलेल्या मताने चित्रपट बदलल्याची उदाहरणे शोधावी लागतात. न पाहता दिलेल्या मताने तो बदलल्याचे हे ठळक उदाहरण समोर आहे.

तिसरा, पुस्तक वाचलेला. हाच ‘छावा’ शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेला असल्याने या प्रकाराला तेव्हा सुगीचे दिवस आले होते. त्याचे मत तीन शब्दांचे असते : “कादंबरीत वेगळं हाय.” कादंबरीत नेमके काय आहे, असे विचारू नये. ती वाचून बरीच वर्षे झालेली असतात.

चौथा, तांत्रिक. हा कथेवर बोलत नाही. कॅमेरा, एडिटिंग आणि बॅकग्राउंड म्युझिक या तीन शब्दांवर त्याची उपजीविका चालते. ‘सैराट’च्या संगीताचे वादन अमेरिकेतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले होते, ही माहिती त्याच्याकडे असते आणि ‘झिंगाट’ चालू असताना तो ती देतो. लोक तेव्हा नाचत असतात.

पाचवा, कलेक्शन सांगणारा. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडल्याची बातमी ‘सैराट’ने दिली, तेव्हापासून या जातीची झपाट्याने वाढ झाली. पहिल्या दिवशी किती, शनिवारी किती, परदेशात किती, हे त्याला तोंडपाठ असते. आकडे निर्मात्याच्या खात्यात जमा होतात, तरी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. चहाचे पैसे द्यायची वेळ आली, की तो फोनवर बोलत जरा बाजूला जातो.

सहावा, मूळ भाषेत पाहणारा. हा खास सोलापुरी प्रकार आहे. गिरण्या आणि मागांच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि घरात तेलुगू बोलतात. त्यामुळे बाकी महाराष्ट्राला हिंदी डबिंगमधून भेटलेले नायक येथे आधीपासून ओळखीचे असतात. १७ डिसेंबर २०२१ रोजी ‘पुष्पा’ आला, तेव्हाची मते अभ्यासण्यासारखी आहेत. तेलुगूत पाहिलेल्याने सांगावे, की खरी मजा ओरिजिनलमध्ये. हिंदीत पाहिलेल्याने सांगावे, की डबिंगच जास्त भारी. त्यावर तिसऱ्याने शांतपणे सांगावे, की हिंदीतला आवाज श्रेयस तळपदे याचा, म्हणजे मराठी माणसाचा. येथे वाद तिन्ही बाजूंनी जिंकला जातो. असा निकाल अन्य शहरांत मिळणे कठीण.

सातवा, शूटिंग पाहिलेला. याच्यापुढे वरच्या सहांचे काही चालत नाही. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, आणि बरेचसे चित्रीकरण करमाळा भागातले. परिणामी सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या पाहुण्याच्या रानात शूटिंग झाले नाही, असा माणूस शोधून सापडत नाही. या प्रकाराला चित्रपट कसा आहे हे विचारू नये. तो विहीर कुठली, झाड कोणाचे आणि गर्दीत तिसऱ्या रांगेत कोण उभा आहे, एवढेच सांगतो. त्याने पडद्यावर नायक-नायिकेकडे पाहिलेलेच नसते.

५. स्थानिक अभिमान

काही चित्रपटांवर मत नसते, भूमिका असते. १९४६ चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा त्यांपैकी पहिला. चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये मरण पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. व्ही. शांतारामांनी चित्रपट दिग्दर्शित केला आणि डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली. हा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनीही त्याविषयी चांगलेच बोलावे. येथे ‘नंतर ताणलाय’ चालत नाही.

मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांच्या बाबतीत नियम थोडा नाजूक आहे. बाहेरच्या माणसाने त्यांना नावे ठेवल्यास सर्वांनी मिळून त्याला उत्तर द्यावे. तो गेल्यावर आपसांत तेच दोष काढण्यास हरकत नाही. मात्र या दोन्ही चित्रपटांनी जातीविषयी जे विचारले, त्यावर चौकात बोलताना आवाज आपोआप खाली येतो आणि विषय गाण्यांकडे वळतो, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवावे. सात पायऱ्यांच्या मोजपट्टीत त्यासाठी पायरी नाही.

६. मत बदलणे

मत तोंडी द्यावे, लेखी देऊ नये. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीच्या परीक्षणांत त्याची फारशी तारीफ झाली नाही आणि धंद्यातल्या जाणकारांनीही नकारार्थी मान हलवली. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला. ज्यांनी लिहून ठेवले होते ते अडकले. ज्यांनी चौकात सांगितले होते ते “मी तेव्हाच म्हणलो होतो” असे सांगून मोकळे झाले. १९९४ चा ‘अंदाज अपना अपना’ तिकीटबारीवर रेंगाळला आणि नंतर टीव्हीवर इतका लाडका झाला, की तो थिएटरात पाहिल्याचे आता कितीतरी जण सांगतात. इतके जण तेव्हा गेले असते, तर तो रेंगाळलाच नसता.

मत बदलण्यासाठी किमान एक आठवडा जाऊ द्यावा. त्याच चहात मत बदलणाऱ्यास कोणी विचारत नाही. बदलताना “दुसऱ्यांदा बघितला” असे कारण द्यावे. खरोखर बघितला असेल तर उत्तमच.

७. शेवट सांगण्याविषयी

वरील सर्व नियमांत सूट आहे. या नियमात नाही. कट्टप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न ‘बाहुबली’च्या पहिल्या भागापासून दुसऱ्या भागापर्यंत, म्हणजे जुलै २०१५ पासून २८ एप्रिल २०१७ पर्यंत देशाने उराशी बाळगला. तेवढा काळ दम धरलेल्या माणसाला उत्तर चौकात, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मिळावे, हे कोणत्याही पद्धतीत बसत नाही. ‘सैराट’चा शेवट ज्यांना आधी कोणी सांगितला नव्हता, ते थिएटरातून बाहेर पडताना बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्यांना सांगितला होता, ते पार्किंगमध्येच बोलू लागले. चांगल्या चित्रपटाच्या दृष्टीने या दोन प्रेक्षकांत फार मोठा फरक आहे, आणि तो फरक पाडण्याचा अधिकार मित्राला नाही.

म्हणून चित्रपट पाहून आलेल्याने पायरी सांगावी, गाणी सांगावीत, विहीर कुठली तेही सांगावे. शेवट विचारला गेल्यास “जाऊन बघ की बे” एवढेच म्हणावे. हा नियम मोडणाऱ्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यावेत आणि ज्याचा चित्रपट बिघडवला, त्याचे तिकीटही काढावे.