कितीला पडतं?

वडा तोंडात घालण्याआधी तो कितीला पडला हे ज्यांना कळावं लागतं, त्या जातीचं एक माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. आमचे डॅलसच्या उत्तरेला राहतात. आडनाव चांगलं खानदानी आहे, पण मंडळात सगळे त्यांना ‘पडतकर’ म्हणतात. गेल्या गणपतीत तर वर्गणीची पावतीही त्याच नावाने फाटली. त्यांनी हरकत घेतली नाही. पावतीपुस्तक छापायला पानामागे किती पडलं, एवढंच विचारलं.

सहलीत पाच डॉलरला तीन वडे होते. पडतकरांनी जागच्या जागी सांगितलं, वडा एक डॉलर सदुसष्ट सेंटला पडला. मग चटणी दोनदा मागून घेतली आणि त्यांच्या मते तो दीड डॉलरवर आणला. मुलांना ऑरलँडोला नेलं तेव्हा तिकिटाची रक्कम भागिले पाळण्यांची संख्या असं गणित होतं. संध्याकाळ होत आली, भाजक वाढेना. शेवटी ज्या पाळण्यापुढे रांग नव्हती त्या गरगर फिरणाऱ्या कपबश्यांत धाकट्याला इतक्या वेळा बसवलं, की हॉटेलच्या वाटेवर भाड्याच्या गाडीत त्याने दिवसभराचं सगळं बाहेर काढलं. गाडी धुण्याचा खर्च मात्र पडतकरांनी पाळण्यांच्या खात्यात धरला नाही. हिशेबात माणसाने प्रामाणिक असावं. पण किती, ते त्याने स्वतः ठरवावं.

अशा माणसाला रायफल घ्यावीशी वाटली, तीही सेमी-ऑटोमॅटिक.

कारण जुनं आहे. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात पालथं झोपून पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. चार लक्ष्याला लागल्या, पाचवी कुठे गेली ते कळलं नाही. एनसीसीतली ती रायफल बोल्टची. दर गोळीला बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला. पडतकरांचं म्हणणं, त्या ओढाताणीतच पाचवी बिघडली. चाप ओढला की एक गोळी सुटावी, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडावी, पुढची आत यावी आणि आपण नेम धरून नुसतं पडून राहावं, अशी रायफल हवी. बजेट पाचशे डॉलर. हे मला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा थोरला तिसरीत होता. आता तो कॉलेजात आहे.

सुरुवातीची वर्षं कायद्यात गेली. एच-वन व्हिसावर आलेल्या माणसाला इथला संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. मात्र शिकारीचा परवाना काढला तर चालतं, ही मेखही त्यात आहे, आणि ती मला पडतकरांनीच सांगितली. पण हा मनुष्य कोंबडीसुद्धा कातडी काढलेली घेतो. ‘परवाना दरवर्षी काढायचा,’ ते म्हणाले, ‘आणि हरीण काही मी मारणार नाही. म्हणजे हरणामागे कितीला पडतं? अनंत.’ शून्याने भागायची वेळ आली की पडतकर अस्वस्थ होतात. तेव्हा ग्रीन कार्डाची वाट पाहायचं ठरलं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम आहे आणि रांगेत अर्धा आयटी भारत उभा. त्या रांगेत पडतकरांचे पुढचे केस गेले, पण एक्सेल शीट तयार झालं.

ते शीट मी पाहिलंय. घरी जेवायला बोलावलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. वरणभात आणि ताक यांच्या मधल्या वेळात लॅपटॉप येतो.

पहिल्या ओळीत रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, दहा गोळ्यांचं मॅगझिन दस्त्याच्या पोटात दडलेलं, किंमत तीनशेच्या पुढेमागे. दुसरी मार्लिन मॉडेल ६०. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात चौदा गोळ्या एकीमागे एक. पण २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, मार्लिन रुगरने विकत घेतली, आणि ही आता जुन्या बाजारातच शोधावी लागते. तिसरी केल-टेकची, मधोमध घडी होणारी. हिचं पडतकरांना फार कौतुक. वहिनींनी ताक वाढता वाढता विचारलं, ‘छत्री आहे का?’ तेव्हापासून ती ओळ करड्या रंगात आहे.

चौथ्या ओळीशी आलं की पडतकरांचा आवाज जड होतो. एसकेएस. सिमोनोव नावाच्या रशियन माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बनवलेली, दहा गोळ्यांची, ग्रीसमध्ये बरबटून खोक्यात भरून आलेली. नव्वदच्या सुमाराला चिनी एसकेएस या देशात शंभर डॉलरच्या आत मिळत होती. १९९४ मध्ये चिनी बंदुकांची आयात बंद झाली आणि आज तिला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. ही गोष्ट पडतकरांनी स्वतःचा अपमान म्हणून घेतली आहे. ‘शंभरच्या आत हो!’ ते कळवळून म्हणतात. तेव्हा ते खडकीला शाळेत होते आणि खिशात बसचे पैसे असत, हे कुणी त्यांना सांगत नाही.

एम-वन गॅरंडवर मात्र त्यांचं प्रेम निर्व्याज. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने घेतलेली, आठ गोळ्यांची. आठवी सुटली की क्लिप टणकन वर उडते. तो आवाज ते तोंडाने काढून दाखवतात, वयाला शोभत नसला तरी. सैन्यातल्या जुन्या गॅरंड सामान्य माणसाला विकणारी एक अधिकृत संस्था आहे, पण तिला नागरिकत्वाचा पुरावा लागतो. ग्रीन कार्ड पुरत नाही. शिवाय गोळी डॉलरच्या वर, आणि उडालेली क्लिप गवतात शोधायला वेळ जातो. तो वेळ कितीला पडतो याचा वेगळा कॉलम होता.

खरी किंमत रायफलीची नसतेच, हा पडतकरांचा सिद्धांत, आणि तो बरोबर आहे हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. पॉइंट टू-टूची गोळी सात-आठ सेंटला पडते, एआर-१५ रायफलीची चाळीस-पन्नास सेंटला. एका दुपारी दोनशे सहज उडतात. एकीकडे पंधरा-सोळा डॉलर, दुसरीकडे नव्वद. वर्षभरात गोळ्यांचा खर्च रायफलीच्या पुढे जातो. त्यात कानाला मफ, डोळ्याला चष्मा, रेंजचं भाडं. आणि तिजोरी. घरात मुलं असली तर भरलेली बंदूक त्यांच्या हाती लागेल अशी ठेवणं टेक्सासातही गुन्हा आहे. बरी तिजोरी घ्यायची तर ती रायफलीपेक्षा महाग. ‘दागिने बँकेत आणि ही घरात तिजोरीत,’ वहिनी म्हणाल्या, ‘अहो, सासरी हिला माझ्यापेक्षा मान आहे.’

शीटमध्ये एक ओळ आता नाही. ती एआर-१५ची होती. युजीन स्टोनरची रचना, १९५९ मध्ये कोल्टने हक्क घेतले, हल्ली दहा कंपन्या बनवतात, स्वस्तातली पाचशे-सहाशेत येते. गोळीचा दर नडत असूनही ती बरीच वर्षं यादीत वरच्या बाजूला होती, कारण सुटे भाग सगळीकडे मिळतात. मे २०२३ मध्ये ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये तसल्याच एका रायफलीने आठ माणसं मारली. त्यांत हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. तो आमचा मॉल. पडतकर वर्षाचे बूट तिथून घेत, दुसरा जोड अर्ध्या किमतीत म्हणजे पाय कितीला पडला ते सांगत. त्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. लॅपटॉप आला, तेव्हा ती ओळ गेलेली होती आणि ‘कारण’ या कॉलमात लिहिलं होतं: गोळी महाग पडते. मी काही विचारलं नाही. त्यांनीही त्या दिवशी गॅरंडचा आवाज काढून दाखवला नाही.

आता हा माणूस आम्हाला आवडतो की नाही, हा प्रश्न. चिडचिड होते, हे खरं. त्यांच्याबरोबर किराणा आणायला जाणं ही शिक्षा आहे. पण नवीन आलेलं कुठलंही पोर विमानतळावर उतरलं की गाडी पडतकरांची असते. गादी कुठे घ्यायची, कुठला विमा फसवा, कुठल्या वकिलाची फी जास्त, हे सगळं ते पहिल्या तासात सांगून टाकतात आणि पेट्रोल कितीला पडलं ते कधी सांगत नाहीत. माझ्या बायकोच्या बाळंतपणात हॉस्पिटलचं बिल आलं, अठरा पानी. पडतकरांनी ते दोन रात्री बसून ओळीनं ओळ तपासलं आणि दोनदा लावलेले आकडे खोडायला लावले. तिसऱ्या दिवशी मुलगी बघायला आले, तिला हातात घेतलं आणि कितीला पडली ते मला कानात सांगितलं.

वडिलांचं त्यांनी एकदाच सांगितलं, गन शोला. टेबलावर सुट्या जुन्या काडतुसांच्या पुंगळ्यांचा ढीग होता. त्यातली एक थ्री-नॉट-थ्रीची उचलून त्यांनी बूड माझ्यासमोर धरलं. त्यावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’. ‘किर्की फॅक्टरी,’ म्हणाले. ‘आमची खडकी.’ १८६९ पासूनचा तो दारूगोळ्याचा कारखाना. वडील तिथे तपासणीला होते. उभी हयात काडतुसं मोजली, झाडलं एकही नाही. विकणारा दाढीवाला म्हणाला, एक डॉलर. पडतकरांनी घासाघीस करून ती पन्नास सेंटला घेतली. बापाच्या हाताखालून गेलेली असेल म्हणून काय झालं?

वडील एकदा इथे आले होते. त्यांना घेऊन पडतकर एका मोठ्या दुकानात गेले, जिथे गळ, तंबू आणि शाम्पूच्या शेजारी गोळ्यांची खोकी मांडलेली असतात. पाचशे-पाचशेची खोकी लोक ट्रॉलीत टाकत होते. म्हाताऱ्याने एक खोकं उचललं, चारी बाजूंनी वाचलं, हलवून पाहिलं. कारखान्यात मोजणी जुळल्याशिवाय पाळी सुटत नसे, हे ते घरी अभिमानाने सांगत. ‘यांचा हिशेब कोण ठेवतं रे?’ त्यांनी विचारलं. ‘कुणी नाही, बाबा.’ त्यांनी खोकं होतं तिथे, होतं तसं, कड मिळवून ठेवलं आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाले, ‘मग परत किती आल्या ते कळणार कसं?’

रायफल अखेर आली. ग्रीन कार्ड हातात पडलं त्या वर्षी खंडेनवमीचा मुहूर्त धरावा असं वहिनींचं मत होतं. शस्त्र आणायचंच तर शस्त्रपूजेला आणा. पण ब्लॅक फ्रायडेला सूट होती, तेव्हा देवी महिनाभर थांबली. पडतकर दुकानात एवढी जाड फाइल घेऊन गेले. तीत जन्मदाखल्यापासून बारावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं होतं. काउंटरवरच्या माणसाने ४४७३ नंबरचा फॉर्म दिला, ग्रीन कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स पाहिलं, फाइलकडे बघितलंही नाही आणि नाव एफबीआयच्या यंत्रणेत घातलं. १९९८ पासून ही तपासणी अशीच चालते, बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. एवढी वर्षं रांगेत काढलेल्या माणसाला बंदूक अशी उभ्या उभ्या मिळणार, या कल्पनेनेच पडतकर खट्टू झाले. पण ब्लॅक फ्रायडेची गर्दी, उत्तर आलं ‘डिलेड’, आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणजे कुणीतरी बघतंय तर! कामकाजाचे तीन दिवस थांबायचं होतं. ते तीन दिवस त्यांनी मोठ्या आनंदात काढले.

घेतली ती रुगर १०/२२च. शीटमधली पहिली ओळ.

पहिल्या दिवशी रेंजवर मला नेलं. पन्नास गोळ्यांचं एक खोकं, त्यांच्या पहिल्या चार कागदाला भोक पाडून गेल्या. पाचवीला ते बराच वेळ नेम धरून राहिले. तीही लागली, बरीच डावीकडे, पण लागली. मग शांतपणे उरलेल्या पंचेचाळीस संपवल्या आणि रायफल रिकामी करून ठेवली. गोळीबाराला विराम असल्याची घोषणा झाल्यावर ते खडीत गुडघ्यांवर बसले आणि पुंगळ्या वेचायला लागले. पॉइंट टू-टूची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिचा स्फोटक मसाला कडेतच असतो, एकदा कड ठेचली की ती भंगार. हे त्यांना माहीत आहे, शीटमध्ये लिहिलेलं आहे. तरी एकोणपन्नास मिळाल्या आणि पन्नासावी मिळेना. बाजूच्या लेनवरचे लोक बघत होते. रेंजवर देखरेख करणारं विशीतलं पोर आलं, म्हणालं, ‘राहू द्या सर, संध्याकाळी आम्ही झाडून घेतो.’

‘एक कमी आहे,’ पडतकर म्हणाले.

मग मीही खाली बसलो. ती माझ्या बुटाच्या तळाच्या खाचेत निघाली.

पोराने एव्हाना त्यांची ओळीत मांडलेली पुंगळ्यांची दहाची टोळकी पाहिली होती. त्याने आदराने विचारलं, ‘पोलिसात होता का, सर?’

‘नाही,’ पडतकर शेवटची जागेवर ठेवत म्हणाले, ‘खडकी.’

पोराने मान डोलावली. टेक्सासात दूर कुठेतरी असेल तसं एखादं गाव, असं त्याला वाटलं असावं.