साठोत्तरी अप्पा

अप्पांसमोर ‘बीटल्सचा तो पिक्चर’ असं मोघम बोलून चालत नाही. "तो म्हणजे कुठला? पाच आहेत. दोन रिचर्ड लेस्टरचे, एक टीव्हीसाठी केलेला, एक कार्टून आणि एक भांडणाचा." भांडणाचा म्हणजे १९७० चा ‘लेट इट बी’. समोरच्याने गडबडून एखादं नाव घेतलंच, तर पुढचा प्रश्न तयार असतो : "कितव्यांदा पाहिलात?"

अप्पा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. हयात व्हाउचरं तपासण्यात गेली आणि सिनेमाही ते तसाच तपासतात. कुठे खाडाखोड आहे, कुणाची सही राहिली, तारीख जुळते का. सिनेमा चांगला आहे, असं त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. ‘अ हार्ड डेज नाइट’ लावतात. साल १९६४. चौघं पोरं धावतायत, मागे किंचाळणारी फौज, आपण रंगात येतोय, एवढ्यात अप्पा रिमोट दाबून पडदा गोठवतात.

"हे स्टेशन कुठलं?"

"लंडनचं."

"लंडनला काय एकच स्टेशन आहे? मेरिलबोन! बरं, शेवटच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत कोण बसलंय?"

"कोण?"

"फिल कॉलिन्स. तेरा वर्षांचं पोर होतं तेव्हा."

मी डोळे ताणून पडदा न्याहाळतो. अप्पा शांतपणे म्हणतात, "दिसायचा नाही. कापलाय."

"मग बघायचं काय?"

"पण बसलाय ना!"

गाडीतल्या प्रसंगात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आहे, पॅटी बॉइड. तिच्या वाट्याला एकच शब्द. पण अप्पा तिथेही थांबतात, कारण जॉर्ज हॅरिसनने तिला याच चित्रीकरणात पाहिली आणि जानेवारी १९६६ मध्ये लग्न केलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर स्थळ आपणच सुचवल्याचा भाव असतो. पॉलचा आजोबा झालेल्या नटाला सगळे सारखं ‘किती स्वच्छ म्हातारा’ का म्हणतात, हेही ते समजावून देतात. विल्फ्रिड ब्रॅम्बेल तेव्हा टीव्हीवरच्या एका मालिकेत गलिच्छ म्हाताऱ्याचं काम करून घरोघरी पोचलेला होता, म्हणून. समजावून झालं की अप्पा आपल्या हसण्यासाठी जागा सोडतात. आपण हसतो. काय करणार!

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे शीर्षकगीताचा पहिला झणत्कार. एकच कॉर्ड, पण ती नेमकी कोणती यावर जगभरचे गिटारवाले वर्षानुवर्षं भांडले. कॅनडातल्या जेसन ब्राउन या गणिताच्या प्राध्यापकाने तर गणित लावून तिची चिरफाड केली. त्यात जॉर्जच्या बारा तारांच्या गिटारीखाली जॉर्ज मार्टिनचा पियानो दडलेला आहे. अप्पा ती मोबाइलवर लावतात. "आला पियानो?" नाही आला. पुन्हा लावतात. "आता?" चौथ्या खेपेला घरातल्या सगळ्यांना पियानो ऐकू येतो. कामवाल्या मावशींनाही आला होता.

एकट्या अप्पांनी हा संप्रदाय चालला नसता. रविवारी बांद्र्याहून अंकल येतात. अंकल डेव्ह क्लार्क फाइव्हचे. त्या बँडचं आता नाव काढणारं फारसं कुणी उरलेलं नाही, पण अंकल एकटे पुरतात. त्यांचं प्रत्येक भाषण जानेवारी १९६४ पासून सुरू होतं. त्या महिन्यात ‘ग्लॅड ऑल ओव्हर’ने इंग्लंडात बीटल्सना पहिल्या नंबरावरून खाली उतरवलं.

"दोन आठवडे!" अप्पा.

"उतरवलं की नाय, मॅन?"

"दोन आठवडे!!"

१९६५ च्या ‘कॅच अस इफ यू कॅन’बद्दल अंकलचं म्हणणं असं की, तो खरा सिनेमा. जॉन बूरमनचा पहिला. त्यात डेव्ह आणि त्याची पोरं बँडवाली नाहीतच, सिनेमात उड्या मारणारे स्टंटवाले आहेत. अप्पा म्हणतात, वाजवता येत नसलं की असं करावं लागतं. यावर अंकल चहा अर्धा टाकून उठतात, जिन्यापर्यंत जातात आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत येतात. ‘काहीतरी’ बहुधा ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ असतं. १९६७ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बीबीसीने तो रंगीत सिनेमा काळापांढरा दाखवला आणि लोकांनी झोडपला. अप्पा आजही बीबीसीला क्षमा करायला तयार नाहीत. "रंग काढून घेतल्यावर उरणार काय?" अंकल गंभीरपणे सांगतात, "मी रंगीत पण बघितला, मॅन. सेमच आहे."

दोघांची दिलजमाई घडवायची असेल तर मंकीजचं नाव काढावं. अमेरिकन टीव्हीने जाहिरात देऊन भरती केलेली चार पोरं! "हा बँड नव्हे, ही नोकरभरती," अप्पा. अंकल मान डोलावतात. मी म्हणालो, त्यांच्या ‘हेड’ची पटकथा जॅक निकोल्सनने लिहिली होती. "बॉब राफेलसनबरोबर," अप्पांनी तत्काळ दुरुस्ती केली, म्हणजे तोही तपासलेला होता. मग मी हुकमाचं पान टाकलं. त्यातल्या माइक नेस्मिथच्या आईने टंकलेखनातल्या चुका झाकणारा पांढरा द्राव शोधून काढला होता. अप्पांचा चेहरा कडवट झाला. "व्हाइटनर लावलेलं एकही व्हाउचर मी पास केलेलं नाही," ते म्हणाले. मंकीजचा निकाल तिथेच लागला.

काकूंना या सगळ्यात एकटा क्लिफ रिचर्ड आवडतो. भांग नीट असतो, आणि ‘समर हॉलिडे’मध्ये लंडनची लाल बस थेट अथेन्सला नेतो. शिवाय जन्म लखनौचा. अप्पांबद्दल त्यांची तक्रार नाही. "बीटल्स फुटले सत्तर साली, यांनी मला केलं चौऱ्याहत्तरला. म्हणून माझ्याबद्दल यांना काही माहिती नाही," एवढंच त्या म्हणतात.

आता अप्पांच्या देव्हाऱ्यातली वस्तू. ‘वंडरवॉल’ नावाच्या सिनेमाचं संगीत जॉर्ज हॅरिसनने केलं, आणि त्यातला काही भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडचे वादक घेऊन ध्वनिमुद्रित केला. सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. अप्पांनी पाहिला, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. बोलतात ते रेकॉर्डबद्दल. स्टुडिओत रस्त्याचा आवाज शिरायचा, टॅक्सीसुद्धा त्यात ऐकू येतात आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांपायी काम थांबवावं लागे, असं हॅरिसनने पुढे स्वतःच सांगितलं. अप्पा तेव्हा कॉलेजात होते, कॉलेज फोर्टात होतं. तर त्या साडेपाचच्या गर्दीत अप्पा होते. जॉर्ज हॅरिसनला रेकॉर्डिंग थांबवायला लावणाऱ्या मुंबईकरांपैकी एक, हे त्यांचं आयुष्यातलं सर्वोच्च पद. बँकेतली बढती त्यापुढे काहीच नाही.

परवाच्या रविवारी तबकडी लावून, हेडफोन अंकलच्या कानांवर चढवून अप्पा एका विशिष्ट जागी बोट उंचावत होते. अंकलने बराच वेळ ऐकलं. हॉर्न ऐकू आला, कबूल. मग हेडफोन काढून ते म्हणाले, "एक सांग मॅन. कॉलेज तर आपलं बाराला सुटायचं. तू रोज साडेपाचपर्यंत फोर्टात काय करत होता?"

काकूंनी शेंगा सोलणं थांबवलं. "हो, काय करत होतात?"

अप्पांनी तबकडी उलटी करायला घेतली. दुसरी बाजू जास्त चांगली आहे, म्हणाले.