दाखल्यावरचं नाव आणि हाकेचं नाव

स्टोरेज नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र कारखान्यातून नाव घेऊनच येतं. फायबर चॅनलच्या जगात त्याला वर्ल्ड वाइड नेम म्हणतात. ६४ बिट, म्हणजे सोळा हेक्साडेसिमल अंक, दोन-दोनांच्या जोडीनं, मधे कोलन. त्यातला २४ बिटांचा तुकडा आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. जगात कुणाचं नाव कुणाशी जुळू नये, ही व्यवस्था चोख आहे. ते नाव माणसाला उच्चारताही यावं, असं मात्र कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

हेक्समध्ये ए ते एफ अशी सहा अक्षरं. त्यातली बी, सी, डी आणि ई फोनवर एकसारखी ऐकू येतात. रात्री दोन वाजता डेटा सेंटरमधला मुलगा साहेबांना नाव वाचून दाखवतो, आणि पलीकडून पेंगुळलेला प्रश्न येतो, "अरे, बॉम्बेचा बी की दिल्लीचा डी?" मुंबईचं अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं, स्टोरेजवाल्यांच्या फोनवर बॉम्बे अजून सुखात आहे.

म्हणून स्विचवर टोपणनाव द्यायची सोय असते. दाखल्यावर एक, हाकेला दुसरं. इथं माणसाची अक्कल सुरू होते आणि घोटाळाही. ॲरेचं नाव ठेवलं जातं 'पुणे_रॅक७_नवा'. पुढे तो नवी मुंबईला हलतो, रॅक बदलतो, म्हातारा होतो. नाव तेच! झोनिंग, बॅकअपच्या स्क्रिप्ट, मॉनिटरिंग सगळं त्या नावावर लटकलेलं, त्याला हात कोण लावणार? मग आणखी एक ॲरे येतो. तो 'नवा२'.

लिनक्सची तऱ्हा वेगळीच. तिथं डिस्क जशी सापडेल तशी अक्षरं वाटली जातात: एसडीए, एसडीबी... झेड संपला की एसडीएए. रीबूटनंतर कालची बी आज सी होऊ शकते. एकाच डिस्ककडे जाणाऱ्या चार वाटा असतील, तर तीच डिस्क चार नावांनी हजर. शेवटी ही चौघं एकच आहेत हे ओळखायला मल्टिपाथला दाखल्यावरच्या नावाकडेच वळावं लागतं.

या विषयावर उपदेश झालेला नाही असंही नाही. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये आरएफसी ११७८ लिहून संगणकाचं नाव कसं ठेवावं ते सांगितलं. त्यांनी एक मासला दिलाय: एका ठिकाणी यंत्राचं नाव 'अप' होतं, आणि लोक एकमेकांना विचारायचे, "अप डाउन आहे का?" सल्ले उत्तम आहेत. पाळले जातात असं सर्व्हर रूम पाहून वाटत नाही.

आयस्कझीच्या २००४ च्या मानकानं निदान वाचता येईल असं नाव दिलं: आयक्यूएन, मग वर्ष-महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन. डोमेन उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं, म्हणून ते त्या मालकाकडे कधी होतं याची तारीख सोबत. त्यामुळे काल बसवलेला विंडोज सर्व्हरसुद्धा मे १९९१ ची तारीख मिरवतो. आयबीएम आणि सन या दोघांच्या नावांत मार्च १९८६, कारण दोघांची डोमेन १९ मार्च १९८६ या एकाच दिवशी नोंदली गेली. सन कंपनी जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं विकत घेतली. पुढच्या वर्षी आलेलं ओरॅकलचं सोलॅरिस ११ नव्या टार्गेटला नाव देताना तरीही लिहितं: १९८६-०३, कॉम, सन.