चिमणीचे घरकुल: नवशिक्यांसाठी कृती

सुरुवात समितीने करा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, हे ऐकून तुम्हीही तसंच ठरवाल. ठरवा. फीत कोणी कापायची यावर सहमती होईपर्यंत साळुंकीची एक वीण उडून गेलेली असेल.

मग लाभार्थी निवडा. हरियाल राज्यपक्षी आहे म्हणून पहिली पेटी त्याच्या नावे काढू नका. तो फांदीवर चार काड्या टाकून मोकळा होतो. तांबट आणि सुतार आपली ढोली आपणच कोरतात, त्यांना अनुदान नको. खरे अर्जदार दयाळ, साळुंकी, पिंगळा आणि चिमणी. चिमणीची केस सगळ्यात गुंतागुंतीची. माणसाला घरकुल मंजूर झालं, कवेलू उतरले, स्लॅब पडला आणि वळचणीची चिमणी बेघर झाली. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही.

चिमणीच्या पेटीचं भोक 32 मिलिमीटर, म्हणजे दहाच्या नाण्याहून किंचित मोठं. त्याहून मोठं ठेवलंत की साळुंकी शिरते आणि मग निघत नाही. दारात बसायला दांडी लावायचा मोह होईल. ती सोय कावळ्याची होते. तळाला बारीक छिद्रं हवीत, पावसाचं पाणी जायला. सागाची फळी घेऊ नका: नाक्यावर तिचा हिशेब विचारतील, आणि त्यातून सुटलात तरी पेटी पाखराआधी दुसराच कोणी नेईल. पॅकिंगच्या खोक्याची जाड फळी पुरते. पत्रा तर मुळीच नको. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर जातो. पत्र्याच्या पेटीत अंडी उबत नाहीत, उकडतात. तोंड पूर्वेला ठेवा.

मुहूर्त 5 ते 12 नोव्हेंबर, पक्षी सप्ताहाचा. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. उन्हाळ्याच्या तोंडी दयाळ घर बघायला निघेल, तोवर पेटीचा नवा वास गेलेला असतो.

पेट्यांची वाट शाळा, तलाव, ग्रामपंचायत अशी गावातून न्या, जंगलातून नको. मोह आणि तेंदूपत्त्यासाठी भल्या पहाटे रानात जाणाऱ्यांना वाघाची धास्ती आहेच, त्यात हौशी माणसांची भर कशाला? पेटी झाडाला दोरीने बांधा, खिळे ठोकू नका. पिल्लं असताना झाकण उघडून फोटो काढू नका, अध्यक्षांनी सांगितलं तरी.

बांधावर एखादा वठलेला, पोखरलेला मोह दिसेल. तिथे पेटी लावू नका आणि तो तोडूही देऊ नका. आत पिंगळ्याचं बिऱ्हाड आहे.